आठ दिवसांत उत्तर न आल्यास

गॅसवर दूध ठेवून मशीनवाले बाईंना उठवायला आत गेले, तेव्हा बाई आधीच उठून बसल्या होत्या आणि पलंगाच्या पायथ्याशी एक भरलेली पिशवी होती. निळी, चेनची, इस्पितळातून येताना आणलेली. चेन अर्ध्यावर अडकलेली, कारण एका हाताने चेन ओढायची तर पिशवी दुसऱ्या कुणीतरी धरावी लागते. वर घडी घातलेला गाऊन दिसत होता. घडी वाकडी होती, पण घडी होती. मशीनवाले दारातच उभे राहिले. रविवारी जायचं आहे हे त्यांनी बाईंना सांगितलेलं नव्हतं. तारीख फक्त त्यांना आणि मेहुण्याला ठाऊक होती, आणि रविवारला अजून पाच दिवस होते. "बाई, कुठं निघालात?" त्यांनी थट्टेच्या सुरात विचारलं. "हो," बाई म्हणाल्या. मग त्यांनी मान वळवून खिडकीजवळच्या टेबलाकडे पाहिलं, तिथल्या मशीनकडे नव्हे, मशीनच्या जागेकडे, आणि डाव्या हाताचं पहिलं बोट उचलून हवेत दोनदा खाली आपटलं. टक, टक. त्यानंतर त्यांनी मशीनवाल्यांकडे जे पाहिलं ते पाहणं त्यांच्या चांगल्या ओळखीचं होतं. ऑफिसात पत्राचं उत्तर न देता टेबलाशी घुटमळणाऱ्या कारकुनाकडे बाई असं पाहत. बाहेर दूध उतू गेलं. त्याचा करपट वास आत आला तरी ते तिथेच उभे होते.

मशीनवाले हे नाव त्यांना ऑफिसांनी दिलेलं. महिन्यातून एकदा काळी पेटी घेऊन ते ऑफिसांतून फिरत, टाइपरायटर उघडत, तेल घालत, वाकलेले टाइप सरळ करत. आणि शिपायापासून साहेबापर्यंत सगळे म्हणत, मशीनवाले आलेत. टायपिस्टबाईही तेच म्हणत. फरक इतकाच, की बाईंच्या मशीनमध्ये दर महिन्याला काहीतरी बिघडलेलं असे. एकदा घंटी वाजत नव्हती, एकदा रिबीन उलटी फिरत होती. तिसऱ्या महिन्यात त्यांच्या लक्षात आलं की घंटीच्या हातोडीखाली कुणीतरी घडी घालून कागद सरकवला आहे, आणि कागदावर दुपारी डबा कुठे खाता असं टाइप केलेलं आहे. लग्नानंतरही मशीनवाले आणि बाई सुटलं नाही, अहोजाहो सुटलं नाही. पाहुणे हसत. मूलबाळ झालं नाही, तेव्हा घरात दुसऱ्या कुणी दुसऱ्या नावाने हाका मारायचा प्रश्नही आला नाही. पुढे ऑफिसांनी मशीनं भंगारात काढली. मशीनवाल्यांनी ती किलोच्या भावाने घरी आणली, आणि बरीच वर्षं ती माळ्यावर, पलंगाखाली, न्हाणीघराच्या दाराशी पडून राहिली. मग एकदा बाईंनीच कुठेतरी वाचलं की जगात असल्या मशीनांचे शौकीन आहेत आणि ते घरबसल्या खरेदी करतात. फोटो काढायचा, चार ओळी लिहायच्या, टाकायचं. पहिलं मशीन तीन दिवसांत गेलं. तेव्हा दोघं किती हसली होती. गिऱ्हाइकांना मशीनमध्ये टाइप केलेला एक नमुन्याचा कागद चढवलेला आवडतो हे दोनचार विक्रींत कळलं, आणि ते काम बाईंनी घेतलं. नमुना म्हणून त्या नेहमी ऑफिसचं पत्रच टाइप करत. महोदय, आपले अमुक तारखेचे पत्र मिळाले. बोटांना तेच येत होतं. मशीनवाले तो कागद भिंगाखाली धरून बघत, आणि बाई विचारत, काय म्हणतंय पत्र? ते म्हणत, उजवीकडचा एक टाइप केसभर वर बसतोय. मी काय म्हणते ते कधी वाचलंत का, बाई म्हणत, टाइपच बघत बसा.

गेल्या वर्षी बाईंना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, उरला तो एक हो. चहा हवा का, हो. नको का, हो. दुखतंय का, हो. डोळे वेगळं सांगत असतील तर तेवढं वाचायचं. वाचा शिकवायला येणाऱ्या तरुण मुलीने सुरुवातीलाच बजावलं होतं, की काका, त्यांच्या हो वर जाऊ नका, तो त्यांच्या हातात नाही. आत समज किती उरली आहे हे कळत नाही, लिहून घेऊन बघा. मशीनवाल्यांनी बाईंच्या डाव्या हातात पेन्सिल दिली. कागदावर कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी उमटलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी बाईंनी पेन्सिल भिरकावली, आणि मशीनवाल्यांनी मनात कुठेतरी एक खूणगाठ बांधली की आत आता फारसं कुणी नाही. घरात त्या वेळी सतरा टाइपरायटर होते. या गोष्टीवर ते नंतर पुष्कळदा येऊन थांबणार होते. त्या दिवसांत त्यांना उभ्या उभ्या झोप येत होती. उचलणं, बसवणं, पुसणं, भरवणं, पुन्हा उचलणं. त्यातून वेळ काढून मशीनं दुरुस्त करणं, खोकी बांधणं, टपालात टाकणं. एकदा चमचा तोंडाशी धरून ते बसल्या जागी पेंगले होते, आणि जाग आली तेव्हा बाई तोंड उघडंच ठेवून वाट बघत होत्या. एकदा ते ओरडले होते. काय ओरडले ते त्यांना आठवत होतं, पण ते आठवण पुरी होऊ देत नसत. मेहुण्याने गावाबाहेरचं एक शुश्रूषा केंद्र पाहून ठेवलं. स्वच्छ आहे, भावोजी, बाग आहे, चोवीस तास माणूस आहे, तुम्ही किती ओढणार. हे सगळं फोनवर झालं, स्वयंपाकघरात, आतला टीव्ही चालू असताना. मग मशीनवाले बाईंजवळ जाऊन बसले, त्यांचा डावा हात हातात घेतला आणि म्हणाले, "बाई, थोडे दिवस दुसरीकडे राहाल का? बरं वाटेल." बाई म्हणाल्या, "हो." वाचा शिकवणाऱ्या मुलीचं बोलणं त्या क्षणी त्यांना आठवलं होतं. त्यांनी ते बाजूला सारलं आणि मेहुण्याला कळवलं की तिला विचारलंय, ती हो म्हणालीय.

आता गॅस पुसता पुसता त्यांना चौदा तारखेची सकाळ आठवली, आणि हातातलं फडकं थांबलं. चौदा तारखेला खिडकीजवळच्या टेबलावर हिरवं मशीन होतं. परदेशातल्या गिऱ्हाइकाने घेतलेलं, पाठवायचं राहिलेलं. त्यात कागद चढवलेला होता. आदल्या दुपारी ते बाहेर गेले होते, त्याच्या आदल्याही, त्याच्याही आदल्या. पार्सलं टाकायची होती, औषधं आणायची होती. कागदावर वर दिनांक, विषय, महोदय असं नेहमीचं होतं आणि खाली बारीक ओळी. पलंगापासून टेबलापर्यंत चार पावलं आणि एक खुर्ची, आणि खुर्चीला धरून पाय ओढत तेवढं बाईंना अलीकडे जमू लागलं होतं. म्हणजे बाई उठून आल्या, नमुना टाइप करून गेल्या. त्यांना बरं वाटलं होतं, खरंच वाटलं होतं, जुनी खोड आहे, बोटांना आठवतंय. मग त्यांनी भिंग घेतलं. डावीकडच्या बटणांची अक्षरं ठसठशीत आणि उजवीकडची फिकट, काही अर्धवट, काही दोनदा मारलेली. उजव्या बाजूच्या दांड्या ढिल्या झाल्यात, ते स्वतःशी म्हणाले होते. पाठवायला काढलेल्या मशीनमध्ये असा दोष त्यांना खपणं शक्य नव्हतं. तासभर ते त्या कागदावर वाकून होते. एकेक फिकट अक्षर शोधायचं, त्याची दांडी शोधायची, आवळायची. दांड्या ठीकच होत्या. ढिलं काहीच नव्हतं. एक डावा हात सगळं मशीन ओलांडून उजवीकडे पोचत होता, आणि तिथवर पोचेपर्यंत त्याच्यातला जोर संपत होता. हे त्यांना आज फडकं हातात धरून कळलं. त्या दिवशी मात्र तास झाल्यावर त्यांनी कंबर सरळ केली होती, पलंगाकडे वळले होते. बाई उशीला टेकून त्यांच्याकडेच बघत होत्या, सगळा तास बघत होत्या. आणि ते म्हणाले होते, "छान आहे हं, बाई. उत्तम उमटलंय." कागदासकट सरकणाऱ्या कॅरेजखाली लाकडी पाचर मारली, कागद आत तसाच ठेवला, खोकं बांधलं आणि दुपारी टाकून आले.

ते बाईंसमोर जाऊन उभे राहिले. "चौदा तारखेचा कागद," ते म्हणाले. "तो नमुना नव्हता." बाईंच्या चेहऱ्याची डावी बाजू हलली. "हो," त्या म्हणाल्या, आणि या एका वेळी डोळे आणि शब्द वेगळे नव्हते. मशीनवाल्यांनी मशीनमध्ये कोरा कागद चढवून टेबल पलंगाशी ओढलं, म्हणाले, पुन्हा मारा, काय ते मारा. बाईंनी कागदाकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं आणि हात चादरीखाली घेतला. एकदा पाठवलेलं पत्र पुन्हा मागणाऱ्या साहेबांसाठीही बाईंनी कधी दुसरी प्रत काढली नव्हती. आवक टेबलाला विचारा, म्हणत. आवक टेबल म्हणजे आता मशीनवालेच होते.

हिरव्या मशीनच्या गिऱ्हाइकाला ते चार हजार एकाहत्तर म्हणत, कारण पत्त्यात तेवढंच होतं. परदेशातली पुष्कळ गिऱ्हाइकं अशीच असतात. ती इथल्याच एका गोदामाचा पत्ता देतात, पुढे आपला आकडा लिहितात. गोदाम त्यांच्या वतीने माल उतरवून घेतं, आकड्याच्या कप्प्यात ठेवतं, आणखी चार ठिकाणची खरेदी जमली की सगळं एका खोक्यात घालून समुद्रापार पाठवतं. विकणाऱ्याच्या दृष्टीने माल गोदामात पोचला की पोचला. पडद्यावर हिरवी खूण येते आणि जबाबदारी संपते. पुढे फुटो, हरवो, वर्षभर पडून राहो, आपण मोकळे. मशीनवाल्यांना ही पद्धत फार आवडत असे. कुणी तक्रार घेऊन दारात येत नाही, कुणाचं तोंड बघावं लागत नाही. या वर्षात ज्या गोष्टीतून हात मोकळे होतील ती प्रत्येक गोष्ट त्यांना आवडत होती. हिरव्या मशीनची खूण सोळा तारखेला आलेली होती. म्हणजे मशीन अजून याच शहरात असणार, बसने तासाभराच्या अंतरावर, एका कप्प्यात. त्यांनी चार हजार एकाहत्तरला निरोप टाकला, की आतला कागद चुकून गेला आहे, मशीन पुढे पाठवू नका, शक्य असेल तर कागदाचा फोटो मागवा. तिकडे रात्र होती. उत्तराची वाट बघणं शक्य नव्हतं. टेबल परत खिडकीशी सरकवून, शेजारच्या काकूंना बसवून ते निघाले.

गोदाम शहराच्या टोकाला होतं, जिथे बस रिकामी होते आणि वाहक आरामात पाय पसरतो. लांबलचक पत्र्याची शेड, अर्धवट वर केलेली शटरं, उलटे मागे येणारे ट्रक. खिडकीशी एक बाई बसली होती. सर्दीने नाक लाल झालेलं, गळ्यात ओळखपत्र, समोर रुमालांचा डबा. मशीनवाल्यांनी सगळं सांगितलं, किंवा सांगता येईल तेवढं सांगितलं. बायकोचा कागद आहे, महत्त्वाचा आहे, मशीन मीच पाठवलंय, ही पावती. खिडकीवालीने शांतपणे ऐकलं. ती उर्मट नव्हती, ते सोपं झालं असतं. तिने विचारलं, चार हजार एकाहत्तर तुमचं खातं आहे का? नाही. मग मी ते इथे आहे की नाही एवढंही सांगू शकत नाही, ती म्हणाली, सगळेच विकणारे आपला माल परत मागायला लागले तर आम्ही काय करायचं. मशीन नको, फक्त आतला कागद हवाय, ते म्हणाले. "काका, आत जे जे आहे ते त्यांचं," खिडकीवाली म्हणाली. "तुमचं होतं ते पोचेपर्यंत." तिने नाक पुसलं, आणि त्यांचा चेहरा बघून असेल किंवा नुसती कंटाळूनही असेल, आवाज खाली आणून म्हणाली की आलेलं प्रत्येक खोकं इथे उघडतात, फोटो काढतात, भारंभार गुंडाळलेलं काढून टाकतात कारण वजन वाढतं. काढलेलं सगळं मागच्या भिंतीशी टाकतात. ते कुणाच्याच खात्यावर नसतं.

मागच्या भिंतीशी डोंगर होता. पुठ्ठे, फुगेवालं प्लॅस्टिक, भुसा, कुरतडलेला फोम, आणि पत्ते, पत्ते, हजारो पत्ते. मशीनवाले खाली बसले. गुडघे दुखले. ते एकेक पुठ्ठा बाजूला करू लागले. मशीन बांधण्याचा त्यांना अभिमान होता. आधी कॅरेज पाचरीने अडवायची, मग सुती कापड, मग फोम, मग दुसरं खोकं आणि दोन खोक्यांमध्ये चार बोटं जागा. दोन तास लागत. एका मशीनला दोन तास. ते करताना त्यांच्या डोळ्यांसमोर नेहमी कुणीतरी परका माणूस असे, आपल्या टेबलावर खोकं ठेवून सावकाश एकेक पदर उलगडणारा, आणि मनात म्हणणारा, काय माणूस आहे. तसा माणूस कधी नव्हताच. इथे कुणीतरी सुरीने चर्र करून फाडून भिंतीशी फेकत होतं. अर्ध्या तासाने त्यांना त्यांची पाचर सापडली. त्यांनीच तासलेली, टोकाला पेन्सिलीची खूण असलेली. तिच्या आसपास त्यांनी हाताने, मग काठीने, मग पुन्हा हाताने उकरलं. सुती कापड मिळालं. फोम मिळाला. कागद मिळाला नाही. दमून ते पुठ्ठ्यांवर बसले, आणि बाईंना झटका आल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दया वगैरे त्यात काही नव्हतं. वर्षभरात एकच वाक्य ती माझ्याशी बोलली आणि मी त्याच्या दांड्या आवळत बसलो, एवढंच ते पाणी होतं.

बसथांब्यावर फोन वाजला. चार हजार एकाहत्तर जागा झाला होता. त्याची भाषा फोनच इकडच्या भाषेत करून दाखवत असे, त्यामुळे तो नेहमी सरकारी पाटीसारखा बोले. प्रिय विक्रेता, त्याने लिहिलं होतं, काळजी करण्याचे कारण नाही. कागद अतिशय सुंदर. गोदामाने फोटो काढले तेव्हाच मला तो आवडला. मला ही अक्षरे वाचता येत नाहीत. काही गडद आहेत, काही फिकट, जणू कोणी श्वास घेत लिहिले. मशीन काल जहाजावर गेले, कागद त्यातच आहे. आल्यावर मी तो भिंतीवर लावणार. फोटो सोबत. आपली हरकत नसावी.

मशीनवाले थांब्याच्या सावलीत सरकले. चष्मा पुसला. फोटो उघडून दोन बोटांनी मोठा केला, आणि सवयीने आधी टाइप दिसले, कुठला वर, कुठला खाली; मग त्यांनी डोळे मिटले, उघडले आणि वाचलं.

दिनांक १३

विषय : माझ्या बदलीबाबत

महोदय,

माझी बदली होत असल्याचे स्वयंपाकघरातून ऐकण्यात आले. मला विचारले असता मी हो म्हटले. ते उत्तर ग्राह्य धरू नये.

आपण दमला आहात हे दिसते. ओरडलात त्याचा राग नाही. तरी मला येथेच ठेवावे ही विनंती. दुपारी एक मशीन तपासून देत जाईन. डावा हात चालतो.

आठ दिवसांत उत्तर न आल्यास विनंती नामंजूर झाली असे समजेन व तयारीत राहीन.

कळावे.

टायपिस्ट

एक बस आली आणि गेली. तेरा आणि आठ एकवीस. काल एकवीस होती. काल रात्रीपर्यंत बाईंनी वाट पाहिली होती. हे आठही दिवस त्यांना आता एकेक करून दिसायला लागले. सकाळी ते आत गेले की बाई केस सारखे करून बसलेल्या असत, आणि त्यांना वाटायचं, तब्येत सुधारतेय. जेवताना त्या चमच्याकडे न बघता त्यांच्या तोंडाकडे बघत. बाई मनात म्हणत असणार, तासभर भिंग लावून वाचलं, छान आहे म्हणाले, आता उत्तर येईल. आज नाही तर उद्या. ऑफिसच्या कामाला वेळ लागतो हे बाईंइतकं कुणाला ठाऊक असणार. आणि आठवा दिवस उलटल्यावर त्यांनी त्रागा केला नाही, रडल्या नाहीत. पिशवी भरली. मुदत संपली की पत्रात लिहिलेलं करायचं, एवढंच.

पुढच्या बसमध्ये खिडकीशी बसल्यावर त्यांच्या मनात जे आलं ते त्यांनी पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. कागद तर सापडलाच नाही. जहाजावर आहे, जिथे जाणार तिथे कुणाला वाचता येत नाही. पिशवी भरलेली आहे. रविवारी गाडी येणार आहे. आपण फक्त घरी जाऊन म्हणायचं, बाई, फार शोधला, गोदामवाल्यांनी फेकून दिला. बाई म्हणतील, हो. त्या हो नंतर रोज सकाळी सहा वाजता उठायचं नाही, उचलायचं नाही, रात्री तीनदा दिवा लावायचा नाही. ते आडवे होतील आणि कुणीही हाक न मारता सलग झोपतील. ती झोप त्यांना बसमध्ये अंगावर जाणवली, उबदार, जड. दोन थांबे जाईपर्यंत त्यांनी ती तशीच राहू दिली. मग खिशात हात घातला तर पाचर लागली. कधी उचलली होती कोण जाणे. त्यांनी फोन काढून पुन्हा फोटो उघडला, आणि या वेळी फिकट अक्षरंच तेवढी बघत बसले, ज्यांच्यापर्यंत पोचताना हात संपत होता.

घरी काकू गेल्यावर त्यांनी हात धुतले आणि पलंगाच्या पायथ्याशी बसून पिशवी घेतली. बाई बघत होत्या. त्यांनी चेन उघडली. दोन गाऊन निघाले, कंगवा, औषधांची डबी, चष्म्याचं रिकामं घर. तळाशी टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी गोल होतं. त्यांना वाटलं आरसा असेल. टॉवेल उलगडला तर रिबीन होती, नवी, चांदीच्या कागदातली, त्यांच्याच खणातून घेतलेली. केंद्रात मशीन नसणार हे बाईंना माहीत असणारच. तरी घेतली होती. मशीनवाल्यांनी ती हातात धरली, आणि त्यांना जे वाटलं त्याला शरम म्हणणं कमीच होतं. ते उठले, टेबलावरच्या मशीनची जुनी रिबीन काढली, ही घातली, दोन्ही बाजूंनी ओढून बघितली, कोरा कागद चढवला. जन्मभर मशीनं उघडली होती, पण टाइप करायला त्यांना दोनच बोटं येत, आणि तीही शोधत शोधत. बाईंनी मान कलती केली. आवाजावरून त्यांना कळत असे कुठलं बटण पडलं.

महोदया, त्यांनी मारलं. आपले तेरा तारखेचे पत्र आज मिळाले. ते न वाचता पुढे पाठवले गेले, चूक आमची आहे. विनंती मंजूर. रविवारची गाडी रद्द करण्यात येत आहे, आपले बंधू जेवायला येतील. इथे ते थांबले. खिडकीबाहेर कुणीतरी सतरंजी झटकत होतं. एवढ्यावर कळावे मारलं असतं तर पत्र नीट झालं असतं, पण ते खोटं झालं असतं. त्यांनी आणखी एक ओळ मारली, एकेक बटण शोधत, मी फार दमलो आहे, आणि ती मारताना खांदे इतके खाली आले की शेवटचं अक्षर फिकटच उमटलं. कागद न काढता त्यांनी टेबल उचलून पलंगाशी नेलं. मशीन जड होतं. कंबरेत चमक निघाली.

बाईंनी कागद वाचला. वाचायला त्यांना वेळ लागला, नजर ओळीच्या शेवटी जाऊन परत यायला विसरत होती, मग डावं बोट ओळीखाली ठेवून त्या पुन्हा सुरू करत. शेवटच्या ओळीपाशी बोट बराच वेळ राहिलं. बाईंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला, तसाच ठेवला, आणि मग तो उचलून त्या मशीनच्या बाजूची चक्री उलटी फिरवू लागल्या. एक दात, एक दात, कागद मागे सरकत सरकत पार वरच्या कोऱ्या कोपऱ्यापर्यंत आला. बाईंनी बटण शोधलं. पहिला दोनचा आकडा ठसठशीत उमटला, पाठोपाठ दुसरा. पत्रावर तारीख घालायची राहिली होती.